डिलान्सी स्ट्रीटच्या पोटातलं ट्राम टर्मिनल: फलाटावर उभं राहून इतिहास कसा वाचायचा

"मावशी, ट्राम इथून परत कशी वळायची?"

दहा वर्षांच्या भाच्याने हे विचारलं तेव्हा आम्ही न्यूयॉर्कच्या एसेक्स स्ट्रीट स्टेशनात ब्रुकलिनकडे जाणाऱ्या फलाटावर उभे होतो. समोर रूळ होते आणि रुळांपलीकडे खांबांच्या रांगा अंधारात शिरत गेल्या होत्या. मी रिजवुडला राहते. सबवेच्या एम गाडीने, ब्रुकलिन आणि मॅनहॅटन यांना जोडणारा विल्यम्सबर्ग पूल ओलांडून कामावर जाते, म्हणजे त्या अंधाराशेजारून रोज दोनदा माझा प्रवास होतो. तिथे एके काळी ब्रुकलिनच्या ट्रामचं भूमिगत टर्मिनल होतं, ते कधी उघडलं, कधी बंद पडलं, सगळं मला पाठ होतं. पण ट्राम वळायची कशी, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला ती जागा पहिल्यांदा खरी समजली. म्हणून ही मार्गदर्शिका त्याच प्रश्नाभोवती लिहिते आहे. न्यूयॉर्कला आलात आणि दोन तास मोकळे असतील तर ती वापरा. घरबसल्या शोध घ्यायचा असेल तर कागदपत्रांचा भाग पुढे आहे.

कुठे उभं राहायचं

मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात डिलान्सी आणि एसेक्स या दोन रस्त्यांचा चौक आहे. खाली एकमेकींना जोडलेली दोन स्टेशनं आहेत. एफ गाडीचं ते डिलान्सी स्ट्रीट आणि जे, एम, झेड गाड्यांचं ते एसेक्स स्ट्रीट. नकाशावर दोन्ही नावं एकत्र दिसतात. आपल्याला हवं आहे ते एसेक्स, आणि त्यातही ब्रुकलिनकडे जाणाऱ्या गाड्यांचा फलाट. एफ गाडीने आलात तर तिच्या स्टेशनातली भित्तिचित्रं घाईत चुकवू नका. मिंग फे यांनी २००४ मध्ये काचेच्या तुकड्यांतून शॅड मासे आणि चेरीची झाडं उभी केली आहेत. डिलान्सी घराण्याची इथे फळबाग होती, त्या आठवणीची ही झाडं.

जे-एमच्या फलाटावर पोचलात की गाडी ज्या दिशेने ब्रुकलिनला जाणार तिकडे तोंड करा. आता उजवा हात दक्षिणेला आहे. उजवीकडच्या रुळांपलीकडे जी ओसाड, बुटक्या छताची, खांबांनी भरलेली जागा दिसते तेच टर्मिनल. गाडी आली की मध्ये भिंत उभी राहते, गेली की जागा पुन्हा उघडते. म्हणून घाई करायची नाही. मी नेहमी तीन गाड्या जाऊ देते. पहिल्या गाडीपर्यंत डोळे अंधाराला सरावतात. दुसऱ्या गाडीच्या खिडक्यांचा उजेड खांबांवरून सरकत जातो, त्यात खोली कळते. तिसरी गेल्यावर जमिनीकडे बघायचं. जुनी दगडी फरसबंदी आणि रुळांचे अवशेष त्या जागेत अजून आहेत. कुठे धुळीचा थर जाड असतो, कुठे गाडीचा उजेड पोचत नाही, त्यामुळे एका भेटीत सगळं दिसेल असं नाही.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. न्यूयॉर्कच्या सबवेत हौसेने फोटो काढायला परवानगी आहे, पण तिवई, फ्लॅश आणि वेगळे दिवे चालत नाहीत. फ्लॅश मोटरमनच्या डोळ्यांवर गेला तर काय होईल ते सांगायला नको. दुसरं, फलाटाची कड ओलांडून खाली उतरणं हा गुन्हा आहे, आणि मधल्या रुळांना लागून सहाशे व्होल्टच्या आसपासचा विजेचा तिसरा रूळ आहे. बंद टर्मिनलांत गुपचूप शिरून व्हिडिओ काढणारे लोक असतात. त्यांचं बघून कुणी तसं करू नये. या जागेचं मोठेपण हेच आहे की ती तिकिटाच्या पैशांत, फलाटावरून, कुणालाही दिसते.

आता तो प्रश्न

जमिनीत जे रूळ होते ते सरळ नव्हते. पुलावरून आलेला मार्ग खाली उतरून फुटायचा आणि आठ वळशांत वाटला जायचा. एकेक वळसा म्हणजे फुग्याच्या आकाराचा रुळांचा फेर. ट्राम एका बाजूने आत शिरायची, फेर घेता घेता थांबायची, माणसं उतरायची, नवी चढायची, आणि ती तशीच पुढे जात जात पुन्हा पुलाकडे तोंड करून बाहेर पडायची. मागे यायचं कामच नाही.

हे इतकं महत्त्वाचं का, ते कळायला ट्राम थोडी ओळखीची असायला हवी. ब्रुकलिनची ट्राम डोक्यावरच्या तारेतून वीज घ्यायची. टपावर एक लांब दांडा असायचा, त्याच्या टोकाचं चाक तारेला खालून टेकायचं. हा दांडा नेहमी मागे कललेला असावा लागतो. सरळ जाऊन तिथेच संपणाऱ्या रुळांवर ट्राम उलट न्यायची म्हटलं तर कंडक्टरने खाली उतरायचं, दोरी ओढून दांडा तारेवरून काढायचा, गाडीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला न्यायचा, परत तारेवर अचूक बसवायचा. मोटरमनने हँडल काढून दुसऱ्या टोकाला जायचं. आसनांच्या पाठी उलट करायच्या. आणि तोवर मागची ट्राम खोळंबलेली. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत पुलावरून एकामागून एक ट्राम येत असताना हा खेळ परवडणारा नव्हता. वळशाने तो संपूर्ण टाळला. आठ वळसे म्हणजे वेगवेगळ्या मार्गांच्या ट्राम एकाच वेळी भरता येणार, आणि एक अडली तरी बाकीच्या फिरत राहणार.

हे समजलं की फलाटावरून दिसणारे खांब वेगळे दिसू लागतात. इतकी रुंद जागा, इतकं कमी उंचीचं छत, खांबांची इतकी दाटी, असं का बांधलं? ट्रामला वळायला जागा आडवी लागते, उंच लागत नाही. डोक्यावर डिलान्सी स्ट्रीटची वाहतूक पेलायची, तर खांब पाहिजेत. खांब मध्ये आले तर वळसे त्यांच्या मधून बसवायला हवेत. मी घरी येऊन कागदावर खांबांचे ठिपके काढले आणि त्यांतून पेन्सिलीने फेर काढून पाहिले. भाच्याने तेच केलं, आणि त्याचे फेर माझ्यापेक्षा मोकळे आले. तुम्हीही करा. जागा नुसती बघून जे उमगत नाही ते हाताने काढताना उमगतं.

सगळी जागा साधारण ६० हजार चौरस फूट आहे, एका एकराहून जास्त.

पण इथेच का थांबवली?

पूल ओलांडून आलेली ट्राम पुढे ब्रॉडवेपर्यंत, मॅनहॅटनच्या पलीकडच्या नदीकाठापर्यंत का नेली नाही? पूल उतरल्या उतरल्या तिला जमिनीत घालून परत का पाठवली? याचं उत्तर तारेत आहे.

मॅनहॅटनमध्ये ट्रामसाठी डोक्यावर तारा टांगायला परवानगी नव्हती. तार, टेलिफोन आणि विजेच्या तारांच्या जंजाळाला ते शहर विटलं होतं, आणि १८८८ च्या मोठ्या हिमवादळात खांब आणि तारा कोसळल्यावर त्या जमिनीखाली न्यायचा आग्रह पक्का झाला. त्यामुळे मॅनहॅटनच्या विजेच्या ट्राम रस्त्याखालच्या नाळीतून वीज घेत. दोन रुळांच्या मधोमध एक बारीक लांब फट असे, ट्रामखालून एक पातळ हात त्या फटीत उतरे आणि आतल्या विजेच्या पट्ट्यांना घासत पुढे जाई. त्या हाताला इंग्रजीत नांगराचंच नाव होतं, आणि ते मला फार आवडतं.

म्हणजे नदीच्या एका काठाला तारेवरची ट्राम, दुसऱ्या काठाला नांगरावरची. शिवाय कंपन्या वेगळ्या. पुलावर ट्रामच्या रुळांच्या दोन जोड्या होत्या. दक्षिणेकडची जोडी ब्रुकलिनच्या ट्रामची, उत्तरेकडची मॅनहॅटनच्या ट्रामची. मॅनहॅटनच्या ट्राम पूल ओलांडून ब्रुकलिनच्या चौकात वळायच्या, आणि ब्रुकलिनच्या ट्राम इकडे डिलान्सीखाली वळायच्या. दोन शहरं (१८९८ पर्यंत ती खरोखर दोन वेगळी शहरं होती) एकमेकांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन माघारी फिरायची. टर्मिनल बांधलं ते या दोन व्यवस्थांच्या शिवेवर.

आणि दक्षिण जोडीचं टर्मिनल दक्षिणेलाच का, तेही आता उघड आहे. पुलावरचे मधले दोन रूळ एलिव्हेटेड गाड्यांचे (रस्त्यावर उंच खांबांवरून धावणाऱ्या) होते, ते उतरून आजच्या एसेक्स स्टेशनात आले. ट्राम त्यांच्या दक्षिणेला होत्या, त्या त्यांच्या दक्षिणेलाच उतरल्या. फलाटावर उजवीकडे बघायला सांगितलं ते म्हणूनच. डिलान्सी स्ट्रीट इतका रुंद कसा, याचंही उत्तर इथेच सापडतं: पुलाच्या पोचरस्त्यासाठी दक्षिण बाजूच्या इमारती पाडून तो रुंद केला गेला.

तारखा वेगवेगळ्या ठेवा

या टर्मिनलाबद्दल वाचताना सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. माझ्या वहीत पहिलं वर्षभर १९०३ लिहिलेलं होतं, ते चूक होतं. तीन गोष्टी तीन वेळी घडल्या आहेत.

विल्यम्सबर्ग पूल १९ डिसेंबर १९०३ ला खुला झाला. मुख्य अभियंता लेफर्ट बक. मुख्य गाळा (दोन मनोऱ्यांमधलं अंतर) १,६०० फुटांचा, म्हणजे ब्रुकलिन पुलाच्या गाळ्यापेक्षा जेमतेम साडेचार फूट जास्त, पण तेवढ्यावर तो जगातला सर्वांत लांब झुलता पूल ठरला आणि १९२४ पर्यंत तो मान त्याच्याकडे राहिला. पुलावर ट्राम १९०४ मध्ये धावू लागल्या. भूमिगत टर्मिनल मात्र १९०८ चं, मे महिन्यातलं. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला शेजारचं एसेक्स स्ट्रीट स्टेशन उघडलं आणि एलिव्हेटेड गाड्या पूल ओलांडू लागल्या. म्हणजे टर्मिनल आणि त्याला आज आपण जिथून बघतो ते स्टेशन, ही जवळजवळ जुळी भावंडं. एक अजून कामावर आहे.

(मराठी वाचकाला हे मनात बसवायला एक खूण देते. मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली ७ मे १९०७ ला. डिलान्सीखालचं टर्मिनल त्यानंतर एका वर्षाने उघडलं. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला गेली. माझी आजी त्या ट्रामची घंटा तोंडाने वाजवून दाखवायची, आणि ट्रामविषयी मला जे काही वाटतं त्याची सुरुवात तिथून आहे.)

टर्मिनल बंद पडलं ते ६ डिसेंबर १९४८ ला. चाळीस वर्षं चाललं. १९४० मध्ये शहराने खासगी सबवे आणि ट्राम कंपन्या ताब्यात घेतल्या होत्या. महापौर ला गार्डिया यांना ट्राम जुनाट वाटायची, त्यांचा भर बसवर होता, आणि पुलावर मोटारींना आणखी जागा हवी होती. ट्रामचे पट्टे मोटारींना दिले गेले आणि पुलापुरती बस आली. तीच आज बी ३९ म्हणून पुलावरून येजा करते. त्याच वर्षी जुलैत सबवेचं भाडं ५ सेंटवरून १० सेंट झालं होतं. निकेलच्या एका नाण्यात शहर ओलांडायचा जमाना आणि हे टर्मिनल एकाच वर्षी संपलं.

वर चढा आणि चाला

जिना चढून डिलान्सीच्या दक्षिण बाजूला या. एसेक्सपासून पूर्वेला, पुलाकडे चालायचं. नॉर्फक, मग सफक, मग क्लिंटन. एवढ्या पट्ट्याखाली टर्मिनल पसरलेलं आहे. गर्दीच्या वेळी चाला. पुलाकडे जाणाऱ्या मोटारी शेजारून धडधडत जातील, आणि खाली तुम्ही पाहिलेले ते खांब नेमकं काय पेलताहेत ते कळेल.

पुढे पायी पूल ओलांडता आला तर उत्तम. क्लिंटनजवळून पायवाट चढते. पलीकडे ब्रुकलिनला उतरलात की विल्यम्सबर्ग ब्रिज प्लाझा लागतो. घोड्यावर बसलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनचा पुतळा तिथे आहे, हेन्री श्रेडी यांचा, १९०६ सालचा, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या व्हॅली फोर्ज छावणीच्या थंडीत गारठलेला. त्या चौकात आज बसचा तळ आहे. थांब्यांवरच्या पाट्या वाचा. बी ४४ नॉस्ट्रँड अॅव्हेन्यूची बस, बी ४६ युटिका अॅव्हेन्यूची. नॉस्ट्रँड, रीड, टॉम्पकिन्स, ही सगळी पुलावरून डिलान्सीपर्यंत जाणाऱ्या ट्रामच्या मार्गांची नावं होती. ट्राम गेल्या, रूळ उखडले, पण माणसं अजून त्याच वाटांनी येऊन त्याच चौकात उतरतात. मला विचाराल तर टर्मिनलाचा सर्वांत जिवंत अवशेष हा आहे, जमिनीखालचे खांब नव्हेत.

या वाटेने कोण गेलं, तेही लक्षात घ्या. पूल झाला तेव्हा लोअर ईस्ट साइड जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक होती. पूर्व युरोपातून आलेली ज्यू कुटुंबं अंधाऱ्या चाळींत राहत होती. पूल आणि पाच सेंटची ट्राम हाताशी आल्यावर विल्यम्सबर्गला थोड्या बऱ्या जागेत राहून मॅनहॅटनला कामावर येता येऊ लागलं. संध्याकाळी दमून डिलान्सीखाली उतरून आपल्या मार्गाचा वळसा शोधणारी शिवणकामगार बाई मला फलाटावरून नेहमी दिसते. तिचं नाव कुठल्याच कागदात नाही.

घरी बसून शोध घ्यायचा तर

हा भाग मी सावकाश सांगते, कारण खरा आनंद इथे आहे.

सुरुवात न्यूयॉर्क शहराच्या म्युनिसिपल आर्काइव्ह्जपासून करा. प्रत्यक्ष जागा ३१ चेंबर्स स्ट्रीटला आहे, पण छायाचित्रांचा मोठा साठा त्यांच्या ऑनलाइन गॅलरीत फुकट बघता येतो. तिथे युजीन द सालिन्याक हे नाव शोधा. १९०६ ते १९३४ या काळात तो शहराच्या पूल खात्याचा छायाचित्रकार होता आणि त्याच्या सुमारे वीस हजार निगेटिव्ह शहराकडे आहेत. ब्रुकलिन पुलाच्या दोरखंडांवर बसलेल्या रंगाऱ्यांचा १९१४ चा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेल, तो त्याचाच. टर्मिनल पूल खात्याच्याच अखत्यारीत बांधलं गेलं होतं, त्यामुळे विल्यम्सबर्ग पूल, त्याचे पोचरस्ते, डिलान्सी स्ट्रीट, हे सगळं त्याच्या कामाचा भाग होता. पूल, रस्ता आणि टर्मिनल असे तिन्ही शब्द वेगवेगळे टाकून शोधा. नुसतं टर्मिनल टाकून बरंच काही निसटतं, कारण तेव्हाच्या कारकुनाने फोटोला पुलाचं नाव दिलेलं असतं.

फोटो मिळाला की आधी रुळांकडे बघा. दोन रुळांच्या मधोमध तिसरी बारीक फट असेल तर तो मॅनहॅटनच्या नांगरवाल्या ट्रामचा मार्ग. फट नाही आणि वर तार आहे, तर ब्रुकलिनची ट्राम. एवढ्या एका खुणेवरून पुलाची उत्तर बाजू की दक्षिण बाजू, हे ठरवता येतं. कपडे, टोप्या, दुकानांच्या पाट्या यांवरून साल लावण्याचा मोह होतो, पण रूळ जास्त विश्वासाचे असतात.

मग वर्तमानपत्रं. 'ब्रुकलिन डेली ईगल'चे जुने अंक ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीने ऑनलाइन ठेवले आहेत, १८४१ पासूनचे. मे १९०८ च्या आसपासचे दिवस आणि डिसेंबर १९४८ चा पहिला आठवडा, एवढ्यापासून सुरुवात करा. शोधताना विल्यम्सबर्गच्या स्पेलिंगच्या शेवटी एच लावूनही शोधायला विसरू नका. जुन्या ब्रुकलिनमध्ये तसं लिहीत, आणि तो एच न लावल्यामुळे माझा एक अख्खा रविवार वाया गेला होता. मार्गांची नावंही बदललेली आहेत. हॅम्बुर्ग अॅव्हेन्यूचं नाव पहिल्या महायुद्धात जर्मनांवरच्या रागापोटी विल्सन अॅव्हेन्यू झालं आणि तिथल्या ट्रामचंही नाव बदललं. १९१० ची ट्राम शोधताना विल्सन टाकलंत तर काहीच हाती लागणार नाही.

ईगल ब्रुकलिनचं वर्तमानपत्र, म्हणून त्याला ब्रुकलिनकरांची गैरसोय आधी दिसते. ते वाचताना मॅनहॅटनच्या बाजूचीही बातमी शोधा. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या (लायब्ररी ऑफ काँग्रेस) जुन्या वर्तमानपत्रांच्या संग्रहात न्यूयॉर्कची बरीच पत्रं आहेत. एकाच दिवसाच्या दोन्ही काठांवरच्या बातम्या शेजारी ठेवल्या की कोण कशाने वैतागलं होतं ते उमजतं.

नकाशांसाठी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा डिजिटल संग्रह बघा. आगीच्या विम्यासाठी सॅनबॉर्न कंपनीने काढलेले नकाशे इमारत न् इमारत दाखवतात. डिलान्सीचा १९०३ च्या आधीचा नकाशा आणि नंतरचा नकाशा शेजारी ठेवा. दक्षिणेकडची घरांची ओळ नाहीशी झालेली दिसेल. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एकेका चौकोनावर बोट ठेवून मोजत बसले होते. त्या प्रत्येक चौकोनात माणसं राहत होती आणि त्यांना दुसरीकडे जावं लागलं. टर्मिनलाच्या इतिहासात त्यांची नोंद शक्यतो कुणी घेत नाही, तुम्ही घ्या.

एवढं झाल्यावर ब्रुकलिनमधलं न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम बघायला जा. ते स्वतःच कोर्ट स्ट्रीटच्या बंद सबवे स्टेशनात १९७६ पासून आहे. जुने डबे फलाटाला लागून उभे आहेत, त्यांत बसता येतं, आणि रस्त्यावरच्या ट्राम-बसचाही एक विभाग आहे.

मधलं स्वप्न

२०११ पासून काही वर्षं या टर्मिनलाचं नाव लोलाइन या योजनेमुळे गाजलं. जेम्स रॅम्झी आणि डॅन बराश यांनी तिथे जमिनीखालची बाग करायचं ठरवलं होतं. छतावर सूर्याचा माग काढणारे आरसे, तिथून नळ्यांतून खाली आणलेला खरा सूर्यप्रकाश, आणि त्यावर वाढणारी झाडं. जवळच्या जुन्या बाजाराच्या इमारतीत ऑक्टोबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ त्यांनी प्रयोगशाळा उघडी ठेवली होती. मी तिथे भर थंडीत गेले होते. बाहेर बर्फ, आत नेचे आणि शेवाळ, आणि उजेड असा की सावली पडत होती. २०१६ मध्ये शहराने अटींसह होकार दिला, पण पैसे उभे राहिले नाहीत आणि २०२० च्या सुरुवातीला योजना थांबली.

याचा उल्लेख करायचं कारण व्यवहाराचं आहे. नेटवर टर्मिनल शोधलं तर निम्मी चित्रं या न झालेल्या बागेची येतात. हिरवीगार झाडं आणि बाकांवर बसलेली माणसं दिसली तर ते संगणकावर काढलेलं चित्र आहे किंवा प्रयोगशाळेचा फोटो, टर्मिनल नव्हे. तिथे आत उतरून बघायची सोय नाही. आणि मला मनापासून वाटतं, पुढे कधी तिथे काही झालं तर वळशांच्या खुणा जमिनीत ठेवल्या जाव्यात. त्या पुसल्या तर उरेल ते नुसतं तळघर.

चालू असलेला वळसा ऐकायचा तर

एक शेवटचं काम, आणि ते न्यूयॉर्कच्या बाहेर आहे. फिलाडेल्फियाला जा. तिथल्या मार्केट स्ट्रीटखालच्या बोगद्यात १९०५ पासून ट्राम धावतात आणि थर्टीन्थ स्ट्रीटला त्यांचं भूमिगत टर्मिनल आजही चालू आहे. पश्चिमेकडून ट्राम येते, वळसा घेते आणि पश्चिमेलाच परत जाते, डिलान्सीखाली जायची तशीच. भाच्याला मी तिथे घेऊन गेले. ट्राम वळताना चाकांची अशी किंकाळी उठते की बोलणं थांबवावं लागतं. दोन्ही चाकं एकाच कण्याला घट्ट बसवलेली असतात, वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून एक चाक रुळावर घसटतं आणि लोखंड ओरडतं. डिलान्सीखाली असे आठ वळसे होते, आणि छत बुटकं. भाच्याने कानांवर हात ठेवले, पण तिथून हलला नाही. तीन ट्राम वळल्यावर त्याने मला वही मागितली आणि रुळांचा फेर काढला.

परत आल्यावर एसेक्सहून ब्रुकलिनकडे जाणारी जे किंवा एम पकडा आणि उजव्या खिडकीला बसा. गाडी सुटल्यावर पहिली काही सेकंदं टर्मिनल अगदी हाताच्या अंतरावरून जातं. काचेला कपाळ टेकवून डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना तळहात धरा, म्हणजे डब्यातला उजेड आड येत नाही. खांब, खांब, खांब, मग भिंत, मग चढ, आणि गाडी पुलावर उजेडात येते. शेजारच्या पट्ट्यात मोटारी असतात.